वर्षाला २० कोटी, एक म्हातारं बॉम्बर उडवायला: व्हल्कन एक्सएच ५५८ ची गोष्ट

हा आवाज आधी नीट ऐका, हेडफोन असतील तर लावाच. चार ऑलिम्पस जेट इंजिनं नव्वद टक्के पॉवरच्या आसपास गेली की हवा आत ओढली जाताना हा असा हंबरडा फुटतो, आणि खाली उभ्या माणसाच्या छातीत तो थरथरतो. याच ऑलिम्पसचं पुढचं भावंड नंतर कॉन्कॉर्डला, त्या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानाला, बसलं. तर हे आहे ॲव्रो व्हल्कन, ब्रिटनचं डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पंखाचं बॉम्बर, पहिलं उड्डाण १९५२ चं, आणि बनवलं कशासाठी तर सोव्हिएत रशियावर अणुबॉम्ब टाकायला. ते काम कधी करावं लागलं नाही, नशीब आपलं सगळ्यांचं.

लढाईत व्हल्कन वापरलं गेलं ते एकदाच, १९८२ च्या फॉकलंड युद्धात, ब्रिटन विरुद्ध अर्जेंटिना. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून निघायचं, फॉकलंडमधल्या पोर्ट स्टॅन्लेच्या रनवेवर बॉम्ब टाकायचे आणि परत यायचं, जाऊन येऊन सोळा तास. पहिल्या खेपेला हवेतच इंधन पाजायला अकरा व्हिक्टर टँकर लागले, म्हणजे टँकरना पाजायला टँकर! एकवीस बॉम्ब टाकले, रनवेवर पडला एक. मुख्य विमान केबिनच्या बिघाडामुळे परत फिरलं आणि राखीव म्हणून निघालेल्या विमानाला पुढे जावं लागलं, त्याचे कॅप्टन होते मार्टिन विदर्स. हे नाव लक्षात ठेवा.

आपली गोष्ट मात्र दुसऱ्या विमानाची आहे, एक्सएच ५५८. १९६० मध्ये हवाई दलात आलं, बाकीची व्हल्कन निवृत्त झाल्यावरही एअर शोसाठी उडत राहिलं, आणि मग सरकार म्हणालं बास, आता नाही परवडत. १९९३ मध्ये ते एका खासगी कुटुंबाला विकलं, लेस्टरशायरमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या धावपट्टीवर उतरलं आणि सगळ्यांनी धरलं की संपलं.

संपलं नाही. रॉबर्ट प्लेमिंग नावाच्या गृहस्थांनी डोक्यात घेतलं की हे परत उडवायचं. आता चार इंजिनांचं, अणुबॉम्ब नेणारं जेट सामान्य लोकांच्या ट्रस्टने उडवायचं म्हणजे कागदावर वेडेपणाच. पण हेरिटेज लॉटरी फंडाने, म्हणजे लॉटरीच्या पैशातून वारसा जपायला मदत देणाऱ्या निधीने, २७ लाख पाउंडांच्या वर दिले, बाकीचे लोकांनी. २००६ च्या उन्हाळ्यात तर पैसे संपलेच होते, माणसं घरी पाठवायची वेळ आलेली, तेव्हा सर जॅक हेवर्ड या उद्योगपतीने पाच लाख पाउंडांचा चेक दिला आणि काम वाचलं. एकूण खर्च गेला ७० लाख पाउंडांच्या घरात. आणि १८ ऑक्टोबर २००७ ला ते खरंच उडालं.

आता खर्चाचं बघू, कारण व्हिडिओ त्यासाठीच आहे. वर्षाला साधारण २० लाख पाउंड, त्या वेळच्या भावाने आपले २० कोटी रुपये धरा. आपल्याला वाटतं सगळा पैसा पेट्रोलला जात असेल. इंधन लागतंच, भरपूर लागतं, पण खरा खर्च जमिनीवर होतो, तपासण्या, विमा, पगार, आणि प्रत्येक स्क्रूच्या मागे असलेला कागद. एक नमुना सांगतो. २०१२ च्या मे महिन्यात डॉनकास्टरच्या विमानतळावर टेकऑफ घेताना एका बाजूची दोन्ही इंजिनं गेली. कारण काय? हवेतला ओलावा शोषायला ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या आत राहून गेल्या होत्या. एका इंजिनाने त्या गिळल्या, ते फुटलं, त्याचे तुकडे शेजारच्याने गिळले. आणि ही इंजिनं दुकानात मिळत नाहीत हो, ट्रस्टकडे न वापरलेली जुनी इंजिनं होती ती मोजून आठ. तिथून पुढे प्रत्येक उड्डाण शिल्लक बघून. मग पंखाच्या मजबुतीचं काम निघालं, त्यासाठी २०१३ मध्ये परत लोकांकडे हात पसरले, चार लाख पाउंड, तेही जमले. दहा-वीस पाउंड पाठवणारी पेन्शनर माणसं, बऱ्याच जणांनी कधीकाळी याच विमानांवर नोकरी केलेली.

म्हणजे पैसे जमत होते. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण लोक सरळ म्हणतात की परवडलं नाही म्हणून बंद पडलं, आणि ते अर्धंच खरं आहे. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे इतकं गुंतागुंतीचं विमान उडवायचं तर ज्यांना त्याचं डिझाइन कळतं अशा कंपन्यांनी पाठीशी उभं राहावं लागतं. बीएई सिस्टम्स, रोल्स-रॉइस, मार्शल एरोस्पेस, या तिघांनी २०१५ नंतर पाठिंबा द्यायचं थांबवायचं ठरवलं. हे विमान तोपर्यंत दुसऱ्या कुठल्याही व्हल्कनपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त तास उडालेलं होतं, म्हणजे पुढे काय होईल ते सांगायला कोणाचा अनुभवच नाही, आणि ज्यांना हे मशीन हाताने माहीत होतं ती पिढी रिटायर होत चाललेली. आपल्याकडे जुनी फियाट सांभाळणाऱ्याला विचारा, पार्ट एकवेळ मिळतो, मेकॅनिक मिळत नाही.

त्याच वर्षी २२ ऑगस्टला शोरहॅमच्या एअर शोमध्ये एक जुनं हॉकर हंटर लढाऊ विमान रस्त्यावर कोसळलं, अकरा माणसं गेली. ती काही शो बघायला आलेली नव्हती सगळी, काही जण नुसते रस्त्याने चालले होते. हंटर आपल्या हवाई दलातही होतं, १९७१ ला लोंगेवालाला रणगाडे फोडले ते त्यानेच. व्हल्कनचा निर्णय या अपघाताच्या आधीच झालेला होता, पण खर्च मोजताना हाही खर्च मोजावा लागतो, आणि हा देणगीने भरून येत नाही.

२८ ऑक्टोबर २०१५, शेवटचं उड्डाण, कॅप्टन मार्टिन विदर्स. हो, तेच, फॉकलंडचे.

मग पैसे वसूल झाले का? माझं मत, आठ सीझनचे झाले. दुपारभर म्युझियममध्ये उभं असलेलं विमान आणि डोक्यावरून वळणारं विमान यात फरक आहे, तो लाखो लोकांनी बघितला, २०१४ मध्ये तर जगातली उडणारी दोन्ही लँकॅस्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बर, आणि हे व्हल्कन एकत्र उडाली, एकाच कंपनीची तीन विमानं. पण सगळ्याच विमानांना हा हिशोब लागू करू नका. आपल्या हवाई दलाचं जुनं मालवाहू विमान डकोटा, नाव परशुराम, बघा. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी दुरुस्त करून भेट दिलं, २०१८ मध्ये इंग्लंडहून उडत हिंडनला आलं, आणि नंबर दिलाय व्हीपी ९०५, १९४७ मध्ये श्रीनगरला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन उतरलेल्या डकोटाचा. दोन पिस्टन इंजिनं, जगभर हजारोंनी बनलेलं विमान, पार्ट आहेत, ओळखणारे लोक आहेत, वर हवाई दलाची वर्कशॉप. ते उडवत राहावं यात मला तरी वाद वाटत नाही.

एक्सएच ५५८ च्या बाबतीत माझी तक्रार वेगळी आहे. उडवायला एवढी धडपड केली, पण उतरल्यावर ठेवायचं कुठे याची पक्की सोय झालीच नाही. स्वतःचं हँगर हवं होतं, ते उभं राहिलं नाही, २०२२ मध्ये ते जिथे उभं होतं ते डॉनकास्टरचं विमानतळच बंद झालं आणि विमान तिथेच उघड्यावर अडकलं, उडून दुसरीकडे जायची तर परवानगीच नाही. याउलट वेल्सबर्न आणि साउथएंडला एकेक व्हल्कन आहे, न उडणारं. स्वयंसेवक शनिवार-रविवारी खपतात, इंजिनं चालू करतात, विमान जमिनीवर चालवतात आणि परत जागेवर आणतात, दोन कोटी तरी लागतात का कोण जाणे, पण वीस नक्कीच लागत नाहीत. इंग्लंडात असाल तर त्यांच्या रनची तारीख बघून जा, तिकिटाचे पैसे त्याच विमानावर खर्च होतात.