दोष गोळीचा की तापाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

पाचवा महिना चालू आहे, अंगात १०१ अंश ताप आहे आणि घरात पॅरासिटामॉलची गोळी आहे. घ्यावी की नको? वर्षानुवर्षं डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं होतं, घ्या. मग २२ सप्टेंबर २०२५ हा दिवस आला. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी व्हाइट हाउसमधून सांगितलं, की गरोदरपणात टायलेनॉल घेण्याचा आणि मुलांमधल्या ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, संबंध असू शकतो. शक्यतो गोळी न घेता सोसा, असा सल्लाही अध्यक्षांनी दिला. टायलेनॉलमधलं औषध म्हणजे अ‍ॅसिटामिनोफेन. आपण त्यालाच पॅरासिटामॉल म्हणतो.

त्याच दिवशी तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, डॉक्टरांसाठी पत्र काढलं. त्यातली भाषा बरीच मवाळ होती. संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण हे औषध हे ऑटिझमचं कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही, उलट निष्कर्षांचे अभ्यासही आहेत, असं त्या पत्रात होतं. दुसऱ्या दिवशी युरोपच्या औषध संस्थेने आपला सल्ला बदलायला नकार दिला, आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही ठोस पुरावा नाही असं सांगितलं. पण व्हाइट हाउसमधलं वाक्य घराघरात पोचलं. पत्रातली वाक्यं फार कमी लोकांनी वाचली.

म्हणून आज हा 'संबंध दिसला' म्हणजे नेमकं काय दिसलं, ते पाहू.

गंमत म्हणून कोणी पॅरासिटामॉल घेत नाही. ताप, डोकेदुखी, कंबरदुखी, अर्धशिशी, जंतुसंसर्ग, काहीतरी असतं म्हणून ती घेतली जाते. गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांची मुलं शेजारी ठेवून तुलना केली, की आपण नकळत आजारी आणि निरोगी बायकांच्या मुलांचीही तुलना करत असतो. फरक दिसला, तर तो गोळीमुळे पडला की ज्यासाठी गोळी घेतली त्यामुळे? निव्वळ ताप घेतला तरी तो निर्दोष नाही. नॉर्वेतल्या सुमारे ९५ हजार मुलांच्या अभ्यासात, २०१८ साली, गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत आईला ताप येऊन गेला असेल तर मुलात ऑटिझमचं प्रमाण थोडं जास्त आढळलं होतं. आता तापावर गोळी तर बहुतेक जणी घेणारच. मग नाव कोणाचं घ्यायचं?

दुसरी अडचण मोजमापाची. अमेरिकेत बोस्टनमधल्या सुमारे एक हजार बाळांच्या नाळेतल्या रक्तात पॅरासिटामॉलचे अंश मोजले गेले. अंश जास्त असलेल्या मुलांत पुढे ऑटिझम आणि एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, जास्त दिसले, अशी मोठी बातमी झाली. ऐकायला पक्का पुरावा वाटतो. पण मोठ्या माणसाच्या रक्तातलं पॅरासिटामॉल दोन ते तीन तासांत निम्मं होतं. म्हणजे नाळेतल्या रक्तावरून फार तर प्रसूतीच्या आदल्या दिवसाबद्दल काही कळतं, नऊ महिन्यांबद्दल नाही. आणि प्रसूतीच्या वेळी गोळी कोणाला जास्त मिळते? जिची प्रसूती लांबली, जिला ताप चढला, तिला. पुन्हा तोच पेच.

या पेचातून बाहेर पडण्याची एक चांगली वाट आहे, सख्ख्या भावंडांची तुलना. एकाच आईची दोन मुलं घ्यायची. एकाच्या वेळी तिने गोळी घेतली होती, दुसऱ्याच्या वेळी नाही. आई तीच. तिची अर्धशिशीही बहुधा दोन्ही खेपांना तीच, घरही तेच, आणि आईवडिलांकडून येणारी जनुकं एकाच पेटीतली. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या २४ लाख ८० हजार मुलांवर हा अभ्यास झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधी सरळ तुलना केली. दहाव्या वर्षापर्यंत ऑटिझमचं निदान झालेली मुलं, गोळी न घेतलेल्या आयांमध्ये १.३३ टक्के आणि घेतलेल्यांमध्ये १.५३ टक्के. हजार मुलांमागे तेरा आणि पंधरा, एवढा हा फरक. मग भावंडांना एकमेकांशी ताडून पाहिलं, तर हा फरकही उरला नाही. जोखमीचं गुणोत्तर ०.९८ आलं. एक म्हणजे काहीच फरक नाही, हे लक्षात घेतलं की ०.९८ चा अर्थ कळतो. एडीएचडीचंही तसंच झालं.

या अभ्यासातही उणिवा आहेत, त्या सांगायला हव्यात. गोळी घेतल्याची नोंद फक्त साडेसात टक्के आयांची होती. प्रत्यक्षात घेणाऱ्या पुष्कळ जास्त असतात, कारण दुकानातून आणून घेतलेली गोळी तपासणीच्या वेळी सांगायची राहून जाते. म्हणजे 'न घेतलेल्या' गटात घेतलेल्याही काही असणार, आणि अशी भेसळ झाली की खरा फरक असला तरी तो पुसट होतो. टीकाकार हाच मुद्दा धरतात, आणि तो चुकीचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ४६ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संशोधकांचं म्हणणं होतं, की संबंधाकडे दुर्लक्ष करू नये. पण त्या ४६ पैकी ऑटिझमवरचे आठच होते. आणि त्या संशोधकांनीही गोळी बंद करा असं म्हटलं नाही. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस आणि डॉक्टरांना विचारून, एवढंच त्यांनी सांगितलं. हा सल्ला तर दाई आणि डॉक्टर आधीपासूनच देत आले आहेत.

पुरावे दोन्ही बाजूंनी आहेत म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच, असं मला वाटत नाही. कारण हीच कसोटी लावून खरोखर दोषी ठरलेलं एक औषध आपल्यासमोर आहे.

ते म्हणजे व्हॅल्प्रोएट. अपस्मारावर, म्हणजे फिट येण्यावर दिलं जातं, कधी मानसिक आजारातही देतात. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००६ या काळात जन्मलेल्या साडेसहा लाख मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आईने गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं होतं अशा मुलांत ऑटिझमचं प्रमाण ४.४२ टक्के होतं, बाकीच्यांत १.५३ टक्के. इथेही शंका घ्यायलाच हवी, की दोष औषधाचा की अपस्माराचा? म्हणून संशोधकांनी फक्त अपस्मार असलेल्या आयांची मुलं वेगळी काढली. व्हॅल्प्रोएट घेतलेल्यांत ४.१५ टक्के, न घेतलेल्यांत २.४४ टक्के. आजार दोन्हीकडे सारखा, तरी फरक टिकून राहिला. शिवाय या औषधाची मात्रा वाढते तसा बाळाला धोका वाढतो, आणि लॅमोट्रिजिनसारख्या दुसऱ्या औषधावर असलेल्या आयांमध्ये तो तसा दिसत नाही. पाठीच्या कण्याचे आणि इतर जन्मजात दोषही यात शंभरात सुमारे दहा बाळांना होतात.

म्हणून व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या प्रत्येक मुलीने, प्रत्येक बाईने हे लक्षपूर्वक ऐकावं. दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटा आणि औषध बदलता येईल का ते विचारा. बदल करायला काही आठवडे, कधी महिने लागतात, कारण एक औषध हळूहळू उतरवायचं आणि दुसरं हळूहळू चढवायचं असतं. दिवस राहिलेच असतील तर स्वतःच्या मनाने गोळी मात्र सोडू नका. एकदम बंद केली तर फिटांवर फिटा येऊ शकतात, आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आता थोडं ऑटिझमच्या कारणांविषयी. १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्यांचा एक छोटा अभ्यास झाला. एकसारख्या दिसणाऱ्या, म्हणजे सगळी जनुकं सारखी असलेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती. वेगळ्या दिसणाऱ्या दहा जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. तिथून जनुकांचा माग लागला. पुढे २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासात ऑटिझममधला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा निघाला. उरलेल्यात आईवडिलांचं वाढलेलं वय, फार लवकर झालेली प्रसूती, गरोदरपणातला रुबेला असे घटक येतात.

त्याआधीचा काळ मात्र आठवला की वाईट वाटतं. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं, आणि नंतरची वीस-पंचवीस वर्षं डॉक्टर मंडळीच सांगत राहिली, की आईच्या मायेत ओलावा नव्हता म्हणून मूल असं झालं. किती आयांनी तो ठपका आयुष्यभर उरी बाळगला असेल. १९९८ मध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीवर आळ आला, तोही बारा मुलांच्या एका निबंधावरून. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. आता गोळीची पाळी आहे, आणि गोळी आईनेच घेतलेली असते. म्हणून मी एवढ्या बारकाईने सांगतोय.

कोणी विचारेल, मग आकडे का वाढताहेत? अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या दीडशे मुलांमागे एक होतं, २०२२ मध्ये ३१ मागे एक. दरम्यान निदानाची व्याख्याच रुंदावली, सौम्य लक्षणांची मुलंही मोजली जाऊ लागली, शाळा आणि बालरोगतज्ज्ञ मुद्दाम शोधू लागले. वाढीचा मोठा भाग तिथून येतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ताप आलाय, काय करायचं?

आधी मोजायचा. नुसता कपाळावर हात ठेवून नाही. तोंडात थर्मामीटर लावत असाल तर चहा किंवा गार पाणी पिऊन वीस मिनिटं होऊ द्या. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त असेल तर तो ताप धरायचा आणि उतरवायचा. बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीपासून घडतो ती नळी गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते, आणि त्या काळातला तीव्र ताप ती नीट न मिटण्याशी जोडला गेला आहे. म्हणजे 'सोसा' हा सल्ला बाळासाठी सुरक्षित नाही.

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या, गरज पडली तर दोन. परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो. पुढची मात्रा चार ते सहा तासांनी, त्याआधी नाही. चोवीस तासांत एकूण चार ग्रॅमच्या वर कधीच जायचं नाही, आणि वजन पन्नास किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अंग कोमट पाण्याने पुसा. बर्फाच्या पाण्याने हुडहुडी भरते आणि आतला ताप आणखी चढतो. पाणी, सरबत भरपूर प्या.

चूक कुठे होते, तर हिशेबात. समजा ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसात सहा घेतल्या, तर ३,९०० मिलिग्रॅम झाले, मर्यादेच्या अगदी कडेला. त्यातच सर्दी आहे म्हणून सर्दीच्या तीन गोळ्या घेतल्या. त्यांतही अनेकदा प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, पण पाकिटावर ठळक अक्षरांत नाव सर्दीचं असतं. एकूण ५,४०० झाले. यकृत या औषधाचा थोडा भाग एका विषारी पदार्थात बदलतं आणि ग्लुटाथिओन नावाच्या स्वतःच्या साठ्याने ते विष मारतं. साठा संपला की विष यकृतालाच खातं. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवतही नाही, म्हणून लोक थांबतात. थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत सुरू झाला तर उत्तम काम करतो.

दुसरी चूक मला जास्त भीतीदायक वाटते. पॅरासिटामॉलला घाबरून बाई आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅककडे वळते. या गोळ्यांमुळे विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर मिटायची असते, ती पोटातच मिटू शकते. अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यातलंच एखादं औषध मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती चालू ठेवायची.

गोळी घेऊनही ताप चोवीस तासांत हटला नाही, किंवा सोबत लघवीला जळजळ, अंगावर पुरळ, धाप, पोटात कळा, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही असलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तापाचं मूळ शोधावं लागतं. गोळी फक्त ताप उतरवते, संसर्ग नाही.

आणि जाताना घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रिकामी झालेलीसुद्धा. किती तारखेला, किती वाजता, किती घेतल्या ते एका कागदावर लिहून न्या. 'कसलीतरी तापाची गोळी घेतली होती' यावरून डॉक्टरांना मात्रा कळत नाही. ती पाकिटावर छापलेली असते.