दक्षिण मध्य मुंबई: नाव राहिलं, गिरणगाव गेलं

(दृश्य: लालबागचा उड्डाणपूल, खाली भारतमाता चौकातली गर्दी)

लालबागकरांचा खासदार आज दक्षिण मुंबईचा असतो. मलबार हिल आणि कुलाब्याचा जो, तोच यांचा. 2009 च्या आधी असं काही कुणी बोललं असतं, तर नाक्यावर हशा पिकला असता.

तोवर हा सगळा पट्टा दक्षिण मध्य मुंबई या लोकसभा मतदारसंघात होता. वरळी, परळ, शिवडी, चिंचपोकळी, माझगाव, नागपाडा. नागपाड्याचा, माझगावचा रंग थोडा वेगळा. बाकी मुलूख गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारा.

(दृश्य: बंद गिरणीचं धुराडं, मागे काचेची इमारत)

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. नुसता विरत गेला. आणि तरीही डिसेंबर 1984 मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत मुंबईच्या बाकी पाचही जागा काँग्रेसनं घेतल्या असताना, या एका जागेवर अपक्ष निवडून आला: डॉ. दत्ता सामंत. संप हरलेल्या कामगारांनी संपाच्या पुढाऱ्याला दिल्लीला धाडलं. माझ्या मते मुंबईच्या निवडणुकांच्या इतिहासात इतका हट्टी निकाल दुसरा नाही.

1989 ला चित्र पालटलं. शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले. हेच महाडिक 1970 च्या परळ पोटनिवडणुकीत सेनेचे पहिले आमदार झाले होते, कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर. पुढे 1991 पासून सेनेचेच मोहन रावले, सलग पाच वेळा. 2004 ची लढत तर खास गिरणगावी: एकीकडे राष्ट्रवादीचे सचिन अहिर, दुसरीकडे त्यांचे मामा अरुण गवळी. मामा-भाच्यात मतं वाटली गेली, रावले निसटले.

(दृश्य: मुंबईचा नकाशा, जुन्या रेषा पुसून नव्या उमटतात)

मग मतदारसंघांची फेररचना आली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं 2001 ची जनगणना समोर ठेवली. शहर जिल्ह्यात 33 लाख माणसं, उपनगरात 86 लाख. आधी दोन्हीकडे विधानसभेच्या 17-17 जागा होत्या; आता शहराला 10, उपनगराला 26. चाळीतला माणूस उपनगरात गेला, तो असा आकड्यांत दिसला. परळ, चिंचपोकळी, माझगाव, नागपाडा ही नावं मतदारसंघांच्या यादीतून गेली. वरळी, शिवडी, भायखळा दक्षिण मुंबईला जोडले गेले.

2009 ला रावले दक्षिणेत उभे राहिले. मनसेनं बाळा नांदगावकरांना उतरवलं. काँग्रेसचे मिलिंद देवरा जिंकले, नांदगावकर दुसरे, रावले तिसरे. या दोघांची मतं एकत्र केली तर ती देवरांपेक्षा जास्त भरतात. गिरणगावात अजूनही कुणी ना कुणी ही बेरीज करून दाखवतं.

(दृश्य: मिठी नदी, एका काठावर धारावी, पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल)

आणि ‘दक्षिण मध्य’चं नाव? ते उचलून पुढे नेलं. माहीम, वडाळा, धारावी, सायन कोळीवाडा, शिवाय उपनगरातले चेंबूर आणि अणुशक्तीनगर. शिवाजी पार्कपासून ट्रॉम्बे कोळीवाड्यापर्यंत. यातला दादर-धारावीचा भाग आधी उत्तर मध्य म्हणवला जायचा. काँग्रेसचे एकनाथ गायकवाड 2004 ला सेनेच्या मनोहर जोशींना हरवून ‘उत्तर मध्य’चे खासदार झाले, 2009 ला ‘दक्षिण मध्य’चे. धारावी तीच, पाटी बदलली. मिठीच्या पलीकडचा काठ आता उत्तर मध्यमध्ये येतो, आणि 2024 ला तिथून निवडून आल्या त्यांच्या कन्या वर्षा गायकवाड. वडिलांच्या जुन्या मतदारसंघाचं नाव मिळालं. त्यात धारावी मात्र नाही.

(दृश्य: दादर, शिवसेना भवन)

नव्या दक्षिण मध्यमध्ये 2014 आणि 2019 ला शिवसेनेचे राहुल शेवाळे जिंकले, दोन्ही वेळा गायकवाडांविरुद्ध. 2022 ला सेना फुटली तेव्हा ते एकनाथ शिंदेंसोबत गेले. त्यामुळे 2024 ला धनुष्यबाण त्यांच्याकडे, आणि समोर ठाकरे गटाचे अनिल देसाई, मशाल घेऊन. शिवसेना भवन याच मतदारसंघात. देसाई 53 हजारांवर मतांनी जिंकले.