रोलप्लेइंग गेममधल्या लढाईचं घड्याळ

नमस्कार श्रोतेहो,

आज बोलायचंय कॉम्प्युटरवरच्या रोलप्लेइंग गेम्सबद्दल, म्हणजे ज्यात आपण एखादं पात्र होऊन गोष्टीत फिरतो ते गेम, आणि त्यातही फक्त लढाईबद्दल. हे गेम खेळणारे दोघं भेटले की एक वाद ठरलेलाच असतो, लढाई टर्न-बेस्ड हवी का रिअल-टाईम. ज्यांनी असे गेम कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगतो. टर्न-बेस्ड म्हणजे पाळीपाळीने, तुमच्या माणसाची पाळी आली की बाकीचं सगळं जग थांबतं, तुम्ही दहा मिनिटं विचार करा, समोरचा राक्षस गदा उगारून उभाच राहतो. रिअल-टाईममधे कुणी कुणासाठी थांबत नाही, तुम्ही विचार करत बसलात की तेवढ्यात ती गदा तुमच्या डोक्यात. आणि या दोघांच्या मधे तिसरा प्रकार, रिअल-टाईम विथ पॉझ, सगळे एकाच वेळी लढतायत पण स्पेसबार दाबला की सगळं गोठतं, मग प्रत्येकाला हुकूम द्यायचे, परत स्पेसबार, परत सुरू.

लोक हा वाद फास्ट विरुद्ध स्लो असा मांडतात, किंवा हात विरुद्ध डोकं असा, आणि मला ते अजिबात पुरेसं वाटत नाही. लढाईत वेळ कशी मोजायची हे एकदा ठरलं ना, की गेममधलं बाकी जवळपास सगळं त्याच्यामागून येतं, शत्रू किती ठेवायचे, कुठलं हत्यार चांगलं, जादू कशी चालणार, सगळं.

एक समज आधी काढून टाकू. टर्न-बेस्ड ही जुन्या कॉम्प्युटरची मजबुरी होती असं बरेच जण म्हणतात. मूळ बघितलं तर ही पाळीची पद्धत टेबलावरून आली, 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, तिथे फासे टाकून खेळायचं आणि गेम चालवणारा एक माणूस, तो एका वेळी एकालाच विचारणार ना, तू काय करतोस. 1981 च्या विझर्ड्रीने तेच पडद्यावर आणलं. पण 1987 साली अटारी एसटीवर डंजन मास्टर आला आणि त्यात राक्षस तुमची वाट बघत नव्हते, खरंखुरं रिअल-टाईम. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, 1988 ला, पूल ऑफ रेडियन्स आला तो पक्का टर्न-बेस्ड. म्हणजे मशीनला दोन्ही जमत होतं, बनवणाऱ्यांनी निवड केली होती.

निवड किती मोठी असते त्यासाठी डायब्लोचं उदाहरण बघा. डायब्लो मुळात टर्न-बेस्ड ठरला होता. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेविकने 2016 साली जीडीसीत, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत, हे सगळं सांगितलंय, गेम काढणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीचे लोक म्हणत होते रिअल-टाईम करा, त्याला नको होतं, टीममधे मत घेतलं तर बहुतेकांना रिअल-टाईम हवं होतं, मग तो एका दुपारी बसला आणि काही तासांत कोड बदलला, सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि एका फटक्यात सांगाडा फोडला, आणि त्याला तिथेच कळलं की हेच पाहिजे. त्यानंतर या प्रकारचे किती गेम आले बघा. मला डायब्लो मनापासून आवडतो. पण त्यात तुम्ही एकटे असता, सांभाळायला एकच माणूस, आणि एका माणसासाठी रिअल-टाईम छान चालतं.

प्रश्न येतो तो पार्टी आली की, म्हणजे एकट्याऐवजी साथीदारांची टोळी सांभाळायची असली की. 1998 चा बाल्डर्स गेट घ्या, बायोवेअरचा, त्यात सहा जणांची पार्टी. राउंड, म्हणजे लढाईची एक फेरी, सहा सेकंदांचा, आणि आत सगळा हिशोब डंजन्स अँड ड्रॅगन्सचाच चाललेला असतो, पण सगळ्यांचे राउंड एकाच वेळी. आता तुमच्या विझार्डला, म्हणजे जादूगाराला, सांगितलं फायरबॉल टाक, आगीचा गोळा. तो मंत्र म्हणायला लागतो, त्याला वेळ लागतो, तेवढ्यात त्याला बाण लागला तर स्पेल वाया, आणि नाही लागला तरी तोपर्यंत शत्रू धावत येऊन तुमच्या फाइटर्सना चिकटलेले असतात, आणि फायरबॉल आपलं-परकं बघत नाही. म्हणून तुम्हाला पुढचे दोन-तीन सेकंद डोळ्यासमोर आणावे लागतात, कोण कुठे पोचेल, दारात कोणाला उभं करू, आत्ता टाकू का थांबू. हा गोंधळ सांभाळण्यातली मजा टर्न-बेस्डमधे मिळत नाही हे मी मान्य करतो, सगळे एकदम हलतात त्यामुळे लढाई खरंच लढाईसारखी वाटते. आणि किरकोळ शत्रू असले, चार गोब्लिन वगैरे, तर पॉझ न करता वीस सेकंदात विषय संपतो.

तरी माझा कौल टर्न-बेस्डला आहे. कारण त्यात प्रत्येक निर्णय वेगळा दिसतो. 1997 च्या फॉलआउटमधे ॲक्शन पॉइंट असतात, प्रत्येक पाळीत खर्च करायचे, पाच अधिक तुमच्या ॲजिलिटीचा म्हणजे चपळाईच्या आकड्याचा अर्धा, म्हणजे ॲजिलिटी दहा असेल तर दहा पॉइंट. एक पाऊल एक पॉइंट. डोळ्याला नेम धरून गोळी मारायची तर एक पॉइंट जास्त. मग आता पुढे जाऊन मारू, का आहे तिथून दोनदा मारू, का एकदा मारून कोपऱ्याआड जाऊ, हे तीन वेगळे रस्ते आहेत आणि तिन्हीची किंमत तुम्हाला आधी माहितीये. हरलात तर कुठे चुकलं ते बोट ठेवून सांगता येतं. रिअल-टाईममधे सहा जण एकदम लढत असताना मला कित्येकदा जिंकूनही कळत नाही की का जिंकलो, आणि मला ते फार खटकतं. फॉलआउटची अडचणही खरी आहे, गावात भांडण पेटलं आणि दहा-पंधरा माणसं त्यात ओढली गेली की प्रत्येकाची पाळी बघत बसावं लागतं, म्हणून तर त्याच्या सेटिंगमधे कॉम्बॅट स्पीड वाढवायची सोय दिलीये.

मग लोक म्हणतात दोन्ही द्या ना, ज्याला जे हवं ते तो घेईल. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. 2001 च्या आर्केनममधे दोन्ही होतं. पण याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पिलर्स ऑफ इटर्निटी दोन, डेडफायर. तो 2018 ला आला रिअल-टाईम विथ पॉझ म्हणून आणि 2019 ला पॅचमधून, म्हणजे नंतरच्या अपडेटमधून, टर्न-बेस्ड मोड आला. मूळ गेममधे छोट्या हत्याराचा फायदा काय, तर वार पटापट होतात, खंजीर मारून झाला की लगेच पुढचा, आणि मोठी दोन हातांची तलवार किंवा जुनी बंदूक म्हणजे जोराचा फटका पण मग बराच वेळ सावरण्यात जातो. टर्न-बेस्डमधे मात्र प्रत्येकाला राउंडला एक ॲक्शन, वेग फक्त पाळी आधी का नंतर एवढ्यापुरता उरला. मग खंजीर कोण घेणार? मोठी बंदूकच घ्यायची, एक ॲक्शन तर एक, पण दणकट. एक मोड बदलला आणि हत्यारांचं सगळं गणित उलटंपालटं झालं. आणि लढायाही त्याच, रिअल-टाईम धरून पेरलेल्या, जिथे आधी अर्ध्या मिनिटात उरकायचं तिथे आता फारच वेळ जातो.

म्हणून पाथफाइंडर रॅथ ऑफ द राइटियसमधे, 2021 चा, दोन्ही मोड लढाई चालू असताना बदलता येतात, तिथे बरेच खेळाडू काय करतात की साध्या शत्रूंना रिअल-टाईम आणि बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आला की टर्न-बेस्ड. सोय म्हणून उत्तम. पण मला यातून दिसतं ते हे, की त्या साध्या लढाया मुळात जरा कमी असायला हव्या होत्या. टर्न-बेस्ड गेम बनवणाऱ्याला ही लाड करायची मुभाच नसते, प्रत्येक लढाई खेळाडूचा वेळ खाणार हे माहीत असल्यामुळे प्रत्येक लढाईत काहीतरी वेगळं द्यावं लागतं. लॅरियन या कंपनीचे गेम यासाठीच बघावेत. डिव्हिनिटी ओरिजिनल सिन दोनमधे, 2017 चा, पाळ्या आलटूनपालटून येतात, एक तुमचा एक त्यांचा, म्हणजे ज्यांचा नंबर आधी लागला त्यांनी पहिल्याच फेरीत समोरचे सगळे साफ केले असं होत नाही. आणि 2023 चा बाल्डर्स गेट तीन, ज्या नावाने रिअल-टाईम विथ पॉझ घराघरात पोचवलं त्याच नावाचा गेम आता पूर्ण टर्न-बेस्ड, चार जणांची पार्टी, आणि लढाईत कडा असेल तर शत्रूला सरळ खाली ढकलून द्या, उंचावर चढून बाण मारा तर नेम सुधारतो. द गेम अवॉर्ड्समधे त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर तोच ठरला. टर्न-बेस्ड आता कोण खेळणार असं वर्षानुवर्षं ऐकून घेतलेल्या आम्हा लोकांना त्या दिवशी किती आनंद झाला सांगू.

अजून एक गोष्ट, ही वादात कुणी फारशी काढत नाही. ज्यांचे हात दुखतात, थरथरतात, ज्यांना एका हाताने खेळावं लागतं, ज्यांना पडद्यावरचं वाचायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी टर्न-बेस्ड गेम कसलीही सवलत न मागता जसाच्या तसा खेळता येतो. मधेच उठून आजारी माणसाकडे बघायला जायचं असेल तरी चालतं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आणि जुना बाल्डर्स गेट खेळायची इच्छा असेल पण त्या धावपळीची भीती वाटत असेल तर एक करा, ऑप्शन्समधे ऑटो-पॉझ शोधा. शत्रू दिसला की थांब, आपला माणूस जखमी झाला की थांब, राउंड संपला की थांब, असं एकेक चालू करता येतं. सुरुवातीला सगळे चालू ठेवा, आणि जसजसा हात बसेल तसे एकेक बंद करत जा, शत्रू दिसल्यावर थांबायचा तेवढा मात्र मी अजूनही बंद करत नाही.