एका ओळीची जागा

(दृश्य: रात्रीचा ठाणे-बेलापूर रस्ता. महापेच्या इमारतींत मोजके दिवे.)

ऐरोली, रबाळे, महापे. या पट्ट्यात सर्व्हरवरचे बदल होतात ते रात्री, लोड उतरल्यावर. आजचं काम एका ओळीचं आहे. चाळीस लिनक्स सर्व्हरवर एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सोयीचं, पासवर्ड लॉगिन बंद करायचं, फक्त की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल, चालू ठेवायची. चाळीस फाइली हाताने कोण उघडणार? कमांड एकदाच लिहायची आणि सगळीकडे चालवायची. पण ती ओळ फाइलीत नेमकी कुठे जाऊन बसते, हे बघावंच लागतं.

(दृश्य: टर्मिनल. एसएसएचडी-कॉन्फिग फाइल.)

एसएसएचडी म्हणजे सर्व्हरवर एसएसएच चालवणारा प्रोग्राम, आणि ही त्याची सेटिंगची फाइल. ती बदलायला पहिल्यांदा हात जातो सेडकडे, ओळी शोधून बदलणाऱ्या टूलकडे. १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये ली मॅकमहन यांनी लिहिलेलं हे टूल आजही चोख चालतं. पण त्याला फक्त ओळ दिसते. पडद्यावर बघा, 'पासवर्ड-ऑथेंटिकेशन येस'च्या आधी हॅशचं चिन्ह आहे, म्हणजे ती नुसती कॉमेंट, प्रोग्राम जिच्याकडे बघत नाही अशी टीप. पॅटर्नमध्ये हा हॅश धरला नसेल, तर सेडला काहीच सापडत नाही. फाइल आहे तशी राहते आणि एक्झिट कोड मात्र शून्य येतो, म्हणजे 'चूक नाही'. स्क्रिप्टच्या लेखी काम झालं.

मग 'पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो' ही ओळ इको कमांडने फाइलीच्या शेवटी जोडली जाते. खरा घात इथे होतो. तळाशी बऱ्याचदा मॅच ब्लॉक, म्हणजे ठरावीक युजरसारख्या अटीपुरता लागू होणारा भाग, असतो, समजा 'मॅच युजर बॅकअप'. हा ब्लॉक पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो. मधे रिकामी ओळ सोडली, इंडेंट काढला, तरी तो संपत नाही. त्यामुळे जोडलेला 'नो' लागू होतो एकट्या बॅकअप युजरला. बाकीच्यांचा पासवर्ड चालूच. आणि फाइल तपासणारी 'एसएसएचडी डॅश टी' कमांड काही तक्रार करत नाही, कारण सिंटॅक्स बरोबर आहे.

(दृश्य: ऑगटूलचा प्रॉम्प्ट.)

ऑगियस हे टूल फाइल वाचतं ते झाडासारखी. ऑगटूल ही त्याची कमांड. प्रत्येक प्रकारच्या फाइलीसाठी त्याची एक लेन्स असते. लेन्स फाइलीचं झाड करते, आणि बदल झाल्यावर त्या झाडाची पुन्हा फाइल करते. कॉमेंट, मोकळ्या जागा जिथल्या तिथे. इथे नुसतं सेट करून सेव्ह केलं, तर नवा नोड, म्हणजे झाडाची नवी फांदी, मॅचच्या नंतर जातो, लेन्सला तो तिथे चालत नाही आणि सेव्ह फेल होतं. फाइलीला धक्का लागत नाही. या नकाराचं मोल मोठं आहे. उपाय सोपा: आधी इन्सर्ट करून पहिल्या मॅचच्या वर जागा करायची, मग सेट, मग सेव्ह. ऑगटूल 'डॅश एन'ने चालवलं तर मूळ फाइल तशीच राहते आणि शेजारी 'ऑगन्यू' नावाची प्रत येते. दोन्हींचा डिफ, म्हणजे फरक, घ्यायचा. एकच ओळ वेगळी दिसली पाहिजे.

तरीही पासवर्ड चालतोच, असं होतं. उबुंटू लिनक्सवर या फाइलीच्या सुरुवातीलाच इन्क्लूड, म्हणजे दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइली आत घेणारी ओळ, असते, आणि एसएसएचडी प्रत्येक सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतो. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटने टाकलेल्या 'पन्नास-क्लाउड-इनिट' फाइलीत 'येस' असेल, तर खालच्या 'नो'ला कुणी विचारत नाही. म्हणून तपासायचं ते कॅपिटल टीने. 'एसएसएचडी डॅश कॅपिटल टी' सगळ्या फाइली धरून प्रत्यक्षात लागू होणाऱ्या किमती छापतो.

(दृश्य: दोन टर्मिनल शेजारी-शेजारी.)

आधी एक सर्व्हर, मग पाच, मग उरलेले. चालू सेशन बंद करायचं नाही. नवी सेटिंग लागू करायला एसएसएचडी रीलोड केल्याने ते तुटत नाही. दुसऱ्या खिडकीतून कीने नवं लॉगिन करून बघायचं. ते अडलं, तर पहिल्या खिडकीतून बदल मागे घेता येतो. तीही बंद केली असेल आणि सर्व्हरमध्ये शिरायला दुसरा कन्सोल नसेल, तर ठाण्याहून कळवा, विटावामार्गे ऐरोली गाठून रॅकसमोर कीबोर्ड लावायचा, एवढंच हातात उरतं.

बॅकअपची प्रत ठेवताना तिचं नाव सांभाळा. इन्क्लूडच्या फोल्डरमध्ये 'डॉट कॉन्फ'ने संपणारी प्रत ठेवली, तर एसएसएचडी तीही वाचतो. नावांच्या क्रमात तिचा नंबर आधी लागला, की जुना 'येस' पुन्हा लागू.