पेस्टर आणि आमची कालवड

नमस्कार मंडळी. आज एकच इंग्रजी शब्द, पेस्टर. मागे लागून लागून समोरच्याला वात आणणं म्हणजे पेस्टर करणं. लोन पाहिजे का, लोन पाहिजे का म्हणून दिवसातनं चारदा फोन येतो ना, तेच ते. (पण त्या फोनवरच्या पोरांवर ओरडू नका हो, त्यांच्याही डोक्यावर टार्गेट असतं.)

वाटतं की हा पेस्टवरनं आला असेल, टूथपेस्ट नव्हे, पेस्ट कंट्रोलमधली पेस्ट. तर नाही. मूळ आहे जुन्या फ्रेंचमधलं, आणि त्याच्या मागे लॅटिन, अर्थ काय तर चरायला सोडलेल्या घोड्याचे पाय दोरीनं बांधणं. पाय बांधणं, लक्षात ठेवा. म्हणजे आपला पायबंदच की!

आता आमच्या कालवडीचं सांगतो. मी असेन सात-आठ वर्षांचा, आजोबांची एक तांबडी कालवड होती, सोडली की गेलीच शेजारच्या ज्वारीत. शेवटी आजोबांनी तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं, चालली की ते लाकूड गुडघ्यावर ठक ठक आपटायचं आणि मला काय ते बघवेना. मग मी सकाळपासनं मागे, आजोबा लोढणं काढा ना, आंघोळीला गेले तरी दाराबाहेर मी, जेवायला बसले तरी काढा ना, दुपारी डोळा लागला त्यांचा तर उशाशी जाऊन काढा ना. वैतागून उठले आणि काढलं. दिवेलागणीला निरोप आला, तुमची कालवड कोंडवाड्यात! दंड भरून तिला घेऊन आले, अंगणात उभे राहिले, माझ्याकडे बघून म्हणाले, "हिचं काढायला नको होतं, तुझ्या गळ्यात घालायला पाहिजे होतं."

आता बघा, पेस्टरचा आधीचा अर्थ अडकवणं, गर्दी करून कोंडणं असाच होता. 1634 साली इंग्रजी कवी मिल्टननं हा शब्द वापरला तो नेमका कोंडवाड्याच्या जोडीला, माणसं या जगात कोंडवाड्यातल्या गुरांसारखी दाटीवाटीनं कोंडलीत असं म्हणताना. पण तोवर पेस्टची, म्हणजे जुन्या अर्थानं रोगराईची, सावलीही या शब्दावर पडली होती आणि अर्थ झाला छळणं. दोरी तीच, आपल्याकडे पायबंद म्हणजे आळा, त्यांच्याकडे कटकट.

कालवड दुसऱ्या दिवशी पुन्हा ज्वारीत गेली, लोढण्यासकट.