वाटणीत आलेला मुद्रितशोधक

मंडळी, संयोजकांनी विषय दिलाय, ‘प्रकाशन व्यवसायातील माझी वाटचाल’. पण व्यवसाय माझा कधी नव्हताच. मी नोकर. बेळगावातल्या एका घराण्याच्या प्रकाशनात ३१ वर्षं प्रुफं तपासली. नाव सांगत नाही; ज्यांना कळायचं त्यांना एव्हाना कळलं असेल.

पुढं छापखाना, माळ्यावर पुस्तकांचे गठ्ठे, मागं मालकांचं घर. कामावर ठेवलं अण्णांनी, पगार द्यायच्या काकू. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. ‘जेवलास काय रे?’ असं विचारून मगच पाकीट हातात यायचं. मी प्रुफांसाठी लागलो होतो, पण पार्सलंही मीच शिवायची हे हळूहळू ठरून गेलं. नवं पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला जाते. तीही मीच पाठवायची. धाकट्या मुलाला शाळेतून आणायचं, तेही मीच. तक्रार नाही. तोच मुलगा पुढं माझा मालक झाला, एवढंच.

तिसऱ्या वर्षी पगारवाढ मागितली. अण्णा म्हणाले, ‘अरे, तू घरचाच की!’ नोकराला घरचा म्हटलं की समजावं, यंदा वाढ नाही. पण त्याच पावसाळ्यात आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री अकराला काकूंनी कपाट उघडलं आणि न मोजता नोटा हातात कोंबल्या. ते पैसे पुढं पगारातून कापले की नाही, मला आजही सांगता यायचं नाही. पगाराचाच धड हिशेब नव्हता, कापणार कशातून?

पुस्तक घ्यायचं की नाही हे रात्रीच्या पंगतीत ठरायचं. एक चांगली कादंबरी परत गेली, कारण लेखक घरच्या लग्नाला आले नव्हते. एक सुमार कवितासंग्रह निघाला, कारण कवी काकूंच्या माहेरचे, निपाणीचे. मात्र काकूंना कमी लेखू नका. भाजी निवडता निवडता त्या प्रूफ वाचायच्या आणि माझ्या नजरेतून निसटलेलं नेमकं धरायच्या. अण्णांचा हट्ट निराळा. नको ते अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले, पण अण्णांच्या पत्रात ‘नांव’ आणि ‘कांहीं’ शेवटपर्यंत तसेच राहिले. पुस्तकातले मी खोडायचो, पत्रातले खोडायची माझी टाप नव्हती.

घर मात्र कवितांवर चालत नव्हतं, गाइडांवर चालत होतं. आपल्या मराठी शाळांतली पोरं मराठीत शिकतात, पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा. पुण्या-मुंबईचे गाइडवाले छापणार महाराष्ट्र बोर्डाचं. आपली पोरं मूठभर, त्यांच्यासाठी वेगळं पुस्तक काढणं त्यांना परवडत नाही. ही फट अण्णांनी हेरली. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याबद्दल अण्णा तासभर बोलू शकायचे. त्याच सीमेनं आपल्याला गिऱ्हाईक दिलं, हे मात्र त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मे महिन्यात शाळा उघडायच्या आधी अख्खं घर कामाला बसायचं. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे छापलेला मोठा कागद, न चुकता कसा दुमडायचा, हे मी काकूंकडून शिकलो. आणि थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावची संमेलनं. मांडवाच्या तोंडाशी आमचा स्टॉल. तिथं गल्ल्यावरही काकूच. ‘घ्या की वो, दहा रुपये कमी करते,’ म्हणायच्या. मी आठवडाभर बसून काढलेली सवलतीची यादी टेबलावर तशीच पडून.

अण्णा गेले आणि वाटणी निघाली. छापखाना थोरल्यांचा, पुस्तकं धाकट्यांची, असं ठरलं. पुस्तकं म्हणजे नुसते गठ्ठे नव्हेत, छापायचे हक्क. वकिलांनी करारपत्रं मागितली. पत्र्याची ट्रंक उघडली, तर आत पोस्टकार्डं. छापा, मानधनाचं मागाहून बघू, एवढाच सगळा मजकूर. वकिलांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा समोर ठेवला. हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी. आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षांची धरतात. म्हणजे भाऊ ज्यावरून भांडत होते त्यातलं बरंचसं त्यांचं नव्हतंच. लेखकांचं होतं, आणि लेखक गेला तरी पुढं साठ वर्षं त्याच्या वारसांचं.

आता हे वारस गाठायचे कोणी? कुणाची मुलगी गडहिंग्लजला दिलीय, कुणाचा मुलगा हुबळीला बँकेत आहे, अण्णांचं कुणाशी बोलणं बंद होतं आणि कशावरून, हे कुठल्या वहीत नव्हतं. माझ्या डोक्यात होतं. दोघे भाऊ एकदमच माझ्याकडे बघायला लागले.

‘मामा माझ्याकडं,’ धाकटे म्हणाले. शाळेतून आणायचो तेव्हापासून ते मला मामाच म्हणतात.

‘आणि छापखान्याला प्रूफ बघणारा नको काय?’ थोरले म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, ‘त्याला कुणी विचारलं काय?’

कुणी विचारलं नव्हतं. सकाळी छापखान्यात, दुपारनंतर धाकट्यांकडे, असा निवाडा झाला. पगार दोघांनी अर्धा अर्धा द्यायचा. एक तारीख आली. थोरले म्हणाले, ‘धाकट्यानं दिला काय?’ धाकटे म्हणाले, ‘दादानं दिला की मी देतो.’ मी मागच्या दारानं आत गेलो. काकूंनी कमरेची किल्ली काढली.