रजिस्टरचा शेवटचा रकाना

श्रोतेहो, नमस्कार.

क्षयरोगाच्या दवाखान्यात एक लांबलचक रजिस्टर असतं. हल्ली ते संगणकात गेलंय, पण रकाने तेच. नाव, वय, वजन, थुंकीचा रिपोर्ट, गोळ्या सुरू केल्याची तारीख. आणि अगदी उजवीकडे शेवटचा रकाना, पेशंटचं पुढे काय झालं त्याचा. तिथे ठरलेले चार-पाच शब्दच लिहायचे असतात : बरा झाला, उपचार पूर्ण, उपचार निष्फळ, मृत्यू, मध्येच औषध सोडलं. हा रकाना भरण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज तो तुमच्यासोबत वाचायचाय, पण वयाच्या रकान्यावर बोट ठेवून.

कारण एरवी आपल्या कानावर येतो तो एकच आकडा. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीवर 2022 मध्ये ज्यांनी उपचार सुरू केले, त्यांच्यापैकी जगभरात 88 टक्के लोकांचे उपचार यशस्वी झाले. आकडा चांगलाच आहे. औषध न घेतल्यास या आजारात जवळपास निम्मे रुग्ण दगावतात, हे लक्षात घेतलं तर फारच चांगला. पण या 88 मध्ये तीन वर्षांचं पोर, सतरा वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरीचे आजोबा एकाच ओळीत उभे केलेले असतात. तिघांच्या अडचणी मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

आधी लहान मुलं. त्यांच्यापुढे 'बरा झाला' हे शब्द क्वचितच दिसतात, बहुतेक वेळा 'उपचार पूर्ण' असंच असतं. आईबाप घाबरून विचारतात, "म्हणजे अजून बरा नाही झाला का?" तसं नसतं. 'बरा झाला' असं लिहायला आधी थुंकीत जंतू सापडलेले असावे लागतात आणि नंतर ते गेल्याचं तपासणीत दिसावं लागतं. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळून टाकतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात, हल्ली शौचाच्या नमुन्यावरही तपासणी होते. तरी मुलांच्या अंगात जंतू मुळातच कमी, त्यामुळे पुष्कळदा हाती काही लागत नाही.

औषध मिळालं की मुलं मात्र छान उभारी धरतात. खरा घात औषधाच्या आधीच होतो. 2015 साली टीबीने जगात सुमारे 2 लाख 39 हजार मुलं दगावल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. त्यातल्या 96 टक्के मुलांवर उपचार सुरूच झाले नव्हते. म्हणजे ती कोणत्याच रजिस्टरात नाहीत. मोठ्या माणसाच्या गोळीचे अंदाजाने तुकडे करून पोरांना भरवायचे दिवस मी पाहिलेत. मुलांचं शरीर औषध लवकर निकामी करतं, त्यामुळे किलोमागे डोस उलट जास्त लागतो. टीबीचं मुख्य औषध आयसोनियाझिड मोठ्यांना किलोला 5 मिलिग्रॅम, तर मुलांना 10. चमचाभर पाण्यात विरघळणारी, फळाच्या चवीची गोळी आली तीच मुळी 2016 च्या सुमारास. आजार सौम्य असेल तर मुलांना सहाऐवजी चार महिने औषध पुरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 मध्ये मान्य केलं.

आता सतरा-अठरा ते तिशी. ताकदीचं वय, औषधं पचतात, मृत्यू कमी. आणि नेमका इथेच 'मध्येच औषध सोडलं' हा शेरा मला वारंवार लिहावा लागला. सलग दोन महिने खंड पडला की तो लिहितात. एक मुलगा आठवतो. दोन महिन्यांत पाच किलो वजन वाढलं, खोकला थांबला आणि स्वारी यायची बंद झाली. मी फोन केला तर म्हणाला, "डॉक्टर, मी ठणठणीत आहे. आणि लघवी लाल होते, मित्र चेष्टा करतात." लघवीचा तो रंग रिफाम्पिसिन या टीबीच्याच औषधाचा. त्यात काही बिघडत नाही, पण हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं आणि ते माझ्याकडून राहून गेलं होतं. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून बरं वाटतं. उरलेले दडून बसतात, आणि पुढचे चार महिने गोळ्या त्यांच्यासाठीच असतात. तो परत आला तेव्हा त्याचं वजन पुन्हा उतरलं होतं.

वयस्कर माणसांचं पान वाचताना मात्र जरा सावध राहावं. तिथे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. पण नियम असा की उपचार चालू असताना मृत्यू कशानेही झाला तरी त्या रकान्यात 'मृत्यू' हेच लिहायचं. हृदयविकाराने गेलेले आजोबाही तिथेच. त्यामुळे नुसता आकडा बघून म्हातारपणी औषध लागू पडत नाही असं ठरवू नका.

खरी भानगड दोन ठिकाणी आहे. एक, आजार उशिरा कळतो. वजन घटतंय, जेवण जात नाही, थकवा आहे, घरचे म्हणतात, "वय झालं आता." खोकला, ताप ठळक नसतातच. दुसरं, यकृत. टीबीच्या मुख्य चार औषधांपैकी तीन यकृताला त्रास देऊ शकतात, आणि वयासोबत ती जोखीम वाढते. म्हणून फार वृद्ध रुग्णांत काही डॉक्टर त्या तिघांतलं पायराझिनामाइड वगळून नऊ महिन्यांचा कोर्स देतात. शिवाय रिफाम्पिसिनमुळे रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर उतरतो. तेव्हा आजी-आजोबांच्या गोळ्यांची पिशवी आहे तशी डॉक्टरांपुढे उपडी करा. गोळ्या सुरू असताना डोळे पिवळे दिसले, सारखी मळमळ होऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि एक गोष्ट त्या रकान्यात मावतच नाही. टीबी मेंदूच्या आवरणात गेला, तर उपचार मिळूनही पाचातलं साधारण एक मूल दगावतं, आणि वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत काही ना काही व्यंग राहतं. अशी एक चिमुरडी शेवटच्या तपासणीला आली होती. आईच्या कडेवर होती. मी नावाने हाक मारली, टाळी वाजवली. तिने मान वळवली नाही. मग मी रजिस्टर ओढलं आणि नियमाप्रमाणे लिहिलं, 'उपचार पूर्ण'.

नमस्कार.